साडेतीन बोटे

आपल्याकडे साडेतीन या आकड्याला मोठा मान आहे. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे. गेल्या हिवाळ्यात माझ्यापुरती त्यात एक भर पडली. साडेतीन बोटे!

रात्री दोन-अडीचला जाग यायची ती उजवा हात बधिर झाला म्हणून. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू. हात झटकला, खाटेखाली लोंबता सोडला की मुंग्या येत आणि हळूहळू तो पुन्हा आपला वाटू लागे. करंगळीला मात्र कधीच काही झाले नाही. तीस-बत्तीस वर्षे हातात खडू धरला, त्याहून जास्त वर्षे भाकरी थापल्या, हात कुरकुरणारच, असे म्हणून मी दोन महिने काढले. एक दिवस चहाची कपबशी हातातून सुटली आणि मुलाने पुढचे काही ऐकून घेतले नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका गावी सोनोग्राफी झाली. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांच्या वयाचे. त्यांनी आधी मशीनला हात लावलाच नाही. दोन पंजांची आकृती छापलेला एक कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, मुंग्या जिथं येतात तेवढा भाग पेन्सिलीनं रंगवा." जन्मभर मुलांना नकाशे रंगवायला लावले, आता माझी पाळी आली. मी साडेतीन बोटे रंगवली. "आणि तळहात?" त्यांनी विचारले. तळहात चांगला होता. ते हसून म्हणाले, "मग मला कुठं पाहायचं ते कळलं."

मनगटावर गार जेल लावून त्यांनी प्रोब टेकवला. पडद्यावर राखाडी ढगांतून एक काळसर लंबगोल दिसू लागला. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखे बारीक ठिपके. "ही तुमची नस," ते म्हणाले. मला बोटे हलवायला सांगितली. आजूबाजूचे पांढुरके गोल सरकू लागले, तो लंबगोल मात्र जागीच दबून बसला होता. त्यांनी त्याच्याभोवती रेघ ओढून माप घेतले. चौदा चौरस मिलिमीटर. साधारण दहाच्या आत असायला हवे, म्हणाले.

त्या पडद्याकडे पाहताना मला माझी आई आठवली. हा सारा लेख त्या आठवणीपायी आहे.

१९६७-६८ ची गोष्ट असेल. आई चाळिशीत होती. घरचे दळण जात्यावर, हंगामात कापूस वेचायला जाणे, शिवाय गोठ्यातल्या दोन म्हशींच्या धारा. ती रात्री उठून अंधारात हात झटकत बसायची. वडिलांना म्हणायची, "अहो, हात पाहा ना, मेल्यावानी झाला." मग एकदा तव्याला बोट लागून फोड आला आणि तो तिला कळलाच नाही. फोड आधी आजीने पाहिला. त्या दिवसापासून आजीने आईचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. कोणी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. हाताला चटका कळत नाही याचा आमच्या भागात एकच अर्थ होता : रक्तपिती, महारोग.

आजीला दोष देण्यात अर्थ नाही. विदर्भाने हा रोग जवळून पाहिला होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन सुरू केले, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन १९५१ पासूनचे. या संस्था आमच्या मुलखात उभ्या राहिल्या, कारण इथे त्यांची गरज होती. पुढे मी नोकरीला लागले तेव्हाही कुष्ठरोगाचे तपासनीस शाळेत येत, पोरांना सदरे काढून रांगेत उभे करत आणि पाठीवर चट्टे शोधत. बधिरतेची भीती आमच्या हाडात मुरलेली होती.

शेवटी वडील आईला तपासणीला घेऊन गेले. तिथल्या माणसाने अंगभर चट्टे पाहिले, कापसाच्या वातीने आणि टाचणीने स्पर्श तपासला, कोपराजवळची नस चाचपली आणि सांगितले, महारोग नाही. मग काय आहे, ते मात्र त्यालाही सांगता आले नाही. "वात असेल," म्हणाला. आजीने तांब्या परत ठेवला, पण काही महिन्यांनी. आई जन्मभर निर्गुडीचा पाला बांधत राहिली. म्हातारपणी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी असणारा मांसाचा उंचवटा पार बसून गेला होता. पोलक्याचे हूक तिला लावता येत नसत, मी लावून देत असे.

आता हा आजार काय ते थोडक्यात सांगते. 'नस' हा आपला बोलीतला शब्द रक्तवाहिनीलाही चालतो आणि चेतेलाही, इथे मी तो चेतेसाठी वापरते आहे. मनगटाची आठ लहान हाडे एकमेकांना लागून एक पन्हळ तयार करतात. त्या पन्हळीवर तळहाताच्या बाजूने एक चिवट पट्टा आडवा ताणलेला असतो. झाली मोरी तयार! पांदण रस्त्याखाली असते तशी, तिन्ही बाजूंना दगड आणि वर फरशी. या मोरीतून बोटे मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे कंडरा, जातात आणि त्यांच्यासोबत एकच नस, मीडियन नर्व्ह. कंडरांची आवरणे सुजली, अंगात पाणी साठले, थायरॉइड, मधुमेह, संधिवात किंवा बाळंतपणाआधीची सूज आली, किंवा हाताचे जड काम वर्षानुवर्षे झाले, तर मोरीत गर्दी होते. दगड हलत नाहीत, फरशी हलत नाही, चेपली जाते ती नस. झोपेत मनगट दुमडलेले राहते म्हणून त्रास रात्री वाढतो. ही नस अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंतची खबर नेते, करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. आणि तळहाताच्या कातडीकडे जाणारी छोटी फांदी मोरीच्या आधीच फुटून वरून निघून जाते, म्हणून तळहात शाबूत. डॉक्टरांनी तळहाताचे का विचारले, ते घरी आल्यावर उमगले. या आजाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो.

घरी आल्यावर नातवाच्या मदतीने मी या आजाराचा इतिहास शोधत बसले. इतिहास शिकवण्यात हयात गेली, ती सवय सुटत नाही. वाचताना सारखे एकच जाणवत राहिले. बायका सांगत होत्या. दिसत मात्र कोणाला नव्हते.

लंडनचे शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मनगटाजवळचे हाड मोडलेल्या एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली. वाढलेल्या हाडाखाली नस दबली होती आणि बोटांवरच्या जखमा भरत नव्हत्या. मनगट वाकवून दाब काढला की त्या भरत. पण तिथे अपघात होता, मोडलेले हाड होते. काही न मोडता हात बधिर होतो त्याचे काय? १८८० मध्ये बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी अशा ३७ रुग्णांबद्दल लिहिले. बहुतेक बायका. रात्री किंवा पहाटे हात बधिर होतो, लोंबता सोडला वा झटकला की बरे वाटते. वाचून मी थक्क झाले. माझ्या आईचे वाक्य तिच्या जन्माआधी जवळजवळ पन्नास वर्षे सातासमुद्रापार लिहून ठेवलेले होते! पटनमांनी ऐकून घेतले, नीट लिहिलेही, पण कारण म्हणून त्यांची नजर रक्तवाहिन्यांकडे गेली. मनगटातल्या नसेकडे नाही.

मग १८९५ साल आले. ८ नोव्हेंबरला जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपली पत्नी ॲना बर्था हिचा हात काचपट्टीवर ठेवून छायाचित्र घेतले. हे चित्र आपण पाठ्यपुस्तकात पाहिले आहे. बोटांची हाडे आणि एका बोटातली अंगठी. मीही ते वर्गात कितीदा दाखवले असेल. शरीराच्या आत डोकावणारे पहिले गाजलेले चित्र एका बाईच्या हाताचे होते, आणि त्यात हाडे दिसली, धातू दिसला, नस दिसली नाही. क्ष-किरण मऊ भागांतून आरपार निघून जातात. मांस, कंडरा, चेता यांच्या सावल्या एकमेकींत मिसळून जातात.

इथे इतिहासाने एक वाकडे वळण घेतले. जे दिसते त्यालाच दोष द्यायची माणसाची खोड असते. क्ष-किरणांमुळे काही लोकांच्या मानेत एक जादा छोटी बरगडी असते हे सहज दिसू लागले. ती खरोखर काहींना त्रास देते. पण पुढची काही दशके हाताच्या बधिरतेचा ठपका सर्रास या बरगडीवर आणि मानेच्या स्नायूंवर ठेवला गेला. अनेकांच्या माना उघडून शस्त्रक्रिया झाल्या. दुखणे मनगटात, कापाकापी मानेत. चित्र खोटे नव्हते, ते भलत्याच जागेचे होते एवढेच.

खरी जागा दिसली ती १९१३ मध्ये, पॅरिसला, पण मेल्यावर. पिएर मारी आणि शार्ल फ्वा या दोघा डॉक्टरांनी ८० वर्षांच्या एका वृद्धेचे शवविच्छेदन केले. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाचे मांस झडलेले होते. त्यांनी मीडियन नर्व्ह उघडी केली. मनगटातल्या त्या आडव्या पट्ट्याच्या अलीकडे नस गाठीसारखी फुगलेली, पट्ट्याखाली चेपून बारीक झालेली. वेळीच हा पट्टा कापला असता तर कदाचित हे टळले असते, अशी सूचनाही त्यांनी केली. इतके स्पष्ट! तरीही ते बहुतेकांनी मनावर घेतले नाही. १९४७ मध्ये रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात शस्त्रक्रिया केलेले सहा रुग्ण मांडले, १९५० पासून अमेरिकेत क्लीव्हलँडच्या जॉर्ज फॅलन यांनी हा विषय लावून धरला, तेव्हा कुठे जग मनगटाकडे पाहू लागले. मनगट मिनिटभर दुमडून धरायचे आणि मुंग्या येतात का पाहायचे, ही फॅलन यांची चाचणी आजही होते. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आईची तपासणी झाली तेव्हा ती माहीत होऊन दीड दशक उलटले होते. पण ज्ञान पॅरिसहून क्लीव्हलँडला आणि तिथून मेहकर तालुक्यात यायला वेळ लागतो.

चित्रांचे प्रयत्न मधल्या काळात सुरूच होते. १९४१ मध्ये हार्ट आणि गेनर यांनी मनगट मागे वाकवून मोरीच्या तोंडातूनच क्ष-किरण सोडायची युक्ती काढली. मोरीचे दगड छान दिसले, आतली नस नाही. १९५६ मध्ये जॉन सिम्पसन यांनी निराळीच वाट धरली. नसेला हलका विजेचा धक्का द्यायचा आणि संदेश मनगटातून जायला किती वेळ लागतो ते मोजायचे. दबलेल्या नसेत तो रेंगाळतो. ही चाचणी आजही महत्त्वाची आहे, पण ती चालते का ते सांगते, दिसते कशी ते नाही. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला, त्यातही हाडांचीच बाजू जास्त चांगली.

जिवंत माणसाची चेपलेली नस नीट दिसली ती एमआरआयमुळे. १९८७ मध्ये अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांनी या मोरीची एमआरआय चित्रे प्रसिद्ध केली. पॅरिसच्या त्या वृद्धेपासून ७४ वर्षांनी. १९९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या बुखबर्गर आणि सहकाऱ्यांनी तेच काम सोनोग्राफीने करून दाखवले. नस मोरीच्या तोंडाशी फुगते, आत चपटी होते आणि वरचा पट्टा बाहेर कमानीसारखा येतो, या तीन खुणा त्यांनी मांडल्या. आज डॉक्टर माप घेतात ते नेमके मोरीच्या तोंडाशी, म्हणजे मारी आणि फ्वा यांना गाठ दिसली होती तिथेच.

सोनोग्राफी तर त्याआधीही होती, मग इतका उशीर का? डॉक्टरांनी सांगितले ते असे. ध्वनिलहरींची वारंवारता कमी ठेवली तर त्या खोल जातात पण बारकावे हरवतात, वाढवली तर बारकावे दिसतात पण खोल जात नाहीत. पोटाच्या तपासणीला तीन ते पाच मेगाहर्ट्झ पुरतात. मनगटातली नस कातडीखाली काही मिलिमीटरवरच असते, तिला बारा-पंधरा किंवा त्याहून जास्त लागतात. असे प्रोब तयार झाले तेव्हा नस दिसली. एमआरआयपेक्षा हे स्वस्त, आणि बोटे हलवता हलवता पाहता येते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या चेता-स्नायू तज्ज्ञांच्या संघटनेने सोनोग्राफीचे हे माप निदानासाठी अचूक असल्याचा निर्वाळा दिला. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे २००९ मध्ये हैदराबादच्या डॉक्टरांनी हेच तंत्र कुष्ठरुग्णांच्या नसांसाठी वापरून दाखवले. कुष्ठरोगात मीडियन नर्व्ह सुजते ती बहुधा मनगटाच्या वर, हाताच्या खालच्या भागात, आणि कोपराजवळची नसही जाड होते. मोरीच्या तोंडाशीच फुगलेली नस वेगळी गोष्ट सांगते. म्हणजे आजीचा प्रश्न आणि आईचा प्रश्न, दोन्हींकडे एकाच प्रोबने पाहता आले असते.

त्या खोलीत भिंतीवर पाटी होती : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. ती प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असते, कायदाच आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी असा कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला. कायदा का करावा लागला ते आम्हा बुलढाणेकरांना सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण कमी असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आमचे नाव होते. मी त्या पाटीखाली झोपले होते. ज्या यंत्राचा उपयोग आमच्याकडे मुली जन्माला येऊ नयेत म्हणून झाला, त्याच यंत्रात एका म्हाताऱ्या बाईच्या हाताची नस तळमळीने शोधली जात होती. यंत्राला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला काय विचारायचे ते आपण ठरवतो.

आणि यंत्राचे उत्तरही शेवटचे नसते. काहींची नस जाड दिसते पण तक्रार नसते, काहींचा त्रास खरा असतो पण माप ठीक येते. चित्राने कळते ते आकार आणि कधी कधी कारण, म्हणजे एखादी गाठ किंवा कंडरांची सूज. निदान मात्र अजूनही रुग्णाच्या तोंडूनच सुरू होते. मी रंगवला तो पंजाचा कागद काही त्या डॉक्टरांची लहर नव्हती. १९९० मध्ये अमेरिकेत कॅट्झ आणि स्टिरॅट यांनी अशी आकृती रुग्णाकडून भरून घेण्याची पद्धत मांडली. शंभर वर्षे आत डोकावण्याची यंत्रे करून झाल्यावर डॉक्टरांनी पेन्सिल परत रुग्णाच्या हाती दिली. मला त्यात मोठा शहाणपणा वाटतो. पटनमांच्या त्या बायकांनी आणि माझ्या आईने तोंडी दिलेले उत्तर बरोबरच होते. तपासायला कोणाकडे काही नव्हते इतकेच.

असो. माझे आता बरे आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधते. फरक पडला नाही तर इंजेक्शन, नाहीतर तो आडवा पट्टा मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया, असे डॉक्टर म्हणाले आहेत.

त्या दिवशी घरी येऊन मी जुन्या वहीच्या पानावर पंजा ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढली. मग आठवून आठवून आईचा हात रंगवला. फोड आला ते बोट तर्जनी होते. सुई सुटायची ती अंगठा आणि तर्जनीतून. मेहंदीच्या कोनासारखे मधले बोट दाबत बसायची, तेही आठवले. करंगळीबद्दल तिने कधी काही म्हटल्याचे आठवत नाही. साडेतीन बोटे भरली. पंचावन्न वर्षांपूर्वी कोणी तिच्यापुढे एक कागद ठेवला असता, तर तो तांब्या वेगळा झाला नसता.

तुमच्या घरी कोणी रात्री उठून हात झटकत बसत असेल, तर कृपा करून घाबरू नका आणि घाबरवू नका. पण "वयाचं आहे" म्हणून सोडूनही देऊ नका. आधी एवढेच विचारा, कोणती बोटे?